तुमच्याकडे कुणाला होता का?

आईचा रिपोर्ट आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर कटिंग घेत उभा होतो. फोनवर पीडीएफ, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. पहिल्याच पानावर लाल चौकटीत ‘पॅथोजेनिक’ असा शब्द, म्हणजे रोगाला कारण ठरणारा. शेजारी बीआरसीए-१ या जनुकाचं नाव आणि एक कोड: सी.६८_६९डेलएजी. मी सॉफ्टवेअरवाला. न कळणारा कोड दिसला की तो कॉपी करून सर्च करायचा, हाताला सवयच आहे. कळलं ते असं, की या बदलाचं जुनं नाव ‘१८५डेलएजी’ आणि तो जगात सर्वांत जास्त ओळखला जातो तो अश्केनाझी ज्यूंमुळे, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू समाजामुळे.

फोनमधून मान वर काढली. टेंभी नाक्यावर उभं राहून ‘ज्यू’ हा शब्द वाचला, तर ठाणेकराच्या मनात पहिल्यांदा युरोप येत नाही. इथून चालत काही मिनिटांवर ‘शआर हशामाईम’ सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. बेने इस्रायल समाजाचं. त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावं पेणकर, राजपूरकर, केहिमकर. घरात मराठी. शाळेत माझ्या दोन बाकं पुढे असाच एक ‘कर’ बसायचा आणि तो ज्यू आहे हे मला आठवीत कळलं.

आईचं माहेर मुरबाडकडचं. चहा संपेपर्यंत मी आमच्या घराण्याला एक बेने इस्रायल पणजी मिळवून दिली होती. किनाऱ्यावरून आलेली, नाव बदललेली, कुणाला काही न सांगता आपल्या दोन गहाळ अक्षरांचा वारसा आम्हाला देऊन गेलेली. गोष्ट इतकी छान होती, की आईला ५३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झालाय ही गोष्ट दहाएक मिनिटं मी विसरलो.

ती पणजी नंतर खोटी ठरली. पण तिला शोधता शोधता मी जे वाचलं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

रिपोर्टच्या आधी महिनाभर आम्ही जेनेटिक कौन्सेलरकडे गेलो होतो. मला वाटलं होतं, रक्त काढतील आणि सोडतील. त्याऐवजी त्या मॅडमनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. कॅन्सर झालेला असेल तर चौकोन किंवा गोल आतून भरायचा. आईच्या गोलाला एक बाण. मग प्रश्न सुरू झाले: बहिणी किती, भाऊ किती, कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं.

मावशीचं सोपं होतं. डोंबिवलीची मावशी, ४१व्या वर्षी गेली, स्तनात गाठ. (तिच्यावर वर्षभर उपचार झाले. त्या वर्षभरात तिला एकाही डॉक्टरने तिच्या आईबद्दल विचारलं नव्हतं. आता त्याचा राग धरून उपयोग नाही, पण धरलाय.) मग मॅडम म्हणाल्या, “आणि तुमच्या आई?” आई म्हणाली, “तिला कॅन्सर नव्हता. ती पोटात पाणी होऊन गेली.” मॅडमनी पेन थांबवलं. “पाणी काढायला लागत होतं का? वय काय होतं?” वय ४८. पाणी दोनदा काढलं होतं. मॅडमनी आजीचा गोल पूर्ण भरला नाही, अर्धवट रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं: बीजाशय? प्रश्नचिन्हासह. बीजाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात पस्तीस वर्षं तो मृत्यू ‘पाणी’ या नावाने नोंदला गेला होता.

असा कागद काढण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६६ साली एका कुटुंबातल्या बायकांची यादी छापली, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झाले होते. ते कुटुंब त्याच्या बायकोचं होतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली पॉलीन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई डॉक्टर आल्ड्रेड वॉर्थिनला म्हणाली, की आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिनने ते हसण्यावारी नेलं नाही. तिने नातेवाइकांची माहिती गोळा करायला मदत केली आणि १९१३ साली ‘जी कुटुंब’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पॉलीन पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. त्या घराण्याचा आजार आज लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला जातो, पॉलीनच्या नाही, तर नंतर तो धागा चिवटपणे धरणाऱ्या हेन्री लिंच या डॉक्टरच्या नावाने.

वंशावळीची हौस आपल्याला कमी आहे असं नाही. कुलवृत्तांताचे जाडजूड ग्रंथ अनेक घरांत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तर खापरपणजोबा सापडतात. माझ्या वडिलांकडचा असा एक तक्ता आमच्याकडे फ्रेम करून लावलाय. कौन्सेलरकडून आल्यावर तो मी पहिल्यांदा नीट पाहिला. सात पिढ्या. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुंटते. सुना येतात त्या नुसत्या नावाने, त्यांना आई-बाप नाहीत. कोण कशाने गेलं हे कुणाच्याही पुढे नाही. मॅडमच्या कागदाला जे हवं होतं, आई, आईची आई, तिच्या बहिणी, तेच नेमकं आपल्या तक्त्यांनी गाळलं. आणि उलटही खरं. आईकडून आलेला म्हणून तो ‘बायकांचा’ आजार नाही. जनुक बापाकडूनही तितकाच येतो. स्तनाचा कॅन्सर आजीकडून बापामार्फत नातीकडे पोचू शकतो, मधल्या बापाला काहीही न होता. मला हे माहीत नव्हतं. मी तिथे फक्त आईची बॅग धरायला आलोय अशा थाटात बसलो होतो.

आता मुंबई. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथे प्रयोगशाळेचे प्रमुख होते वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणावेत असे. त्यांना पडलेला प्रश्न असा होता: इथल्या लोकांना होणारे कॅन्सर युरोपातल्या लोकांसारखे का नाहीत? उत्तर त्यांनी रक्तात नाही, रोजच्या सवयींत शोधलं. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी धोतराच्या गाठीपाशी, कमरेला, वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचं वर्णन केलं. ‘धोती कॅन्सर’ हा शब्द जगाच्या वैद्यकीय साहित्यात मुंबईतून गेला. मला यातली दृष्टी फार आवडते. साहेब म्हणत होता की हे वंशाचं आहे, आणि खानोलकर म्हणाले, आधी कमरेचं धोतर बघा.

मग १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सरच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, देशातली अशी पहिलीच नोंदवही. त्यात एक रकाना धर्माचा होता. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि जैन यांनी ९ वर्षांतल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,१३० स्त्रियांची आकडेवारी या रकान्याप्रमाणे लावून १९७७ साली प्रसिद्ध केली. त्यात पारशी स्त्रियांचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसत होतं.

टेंभी नाक्याच्या परिसरातच कावसजी पटेल अग्यारी आहे, १७८० सालची. म्हणजे सिनेगॉगच्याही शंभर वर्षं आधीची. नवरात्रात देवीच्या मंडपाची रांग वाढत वाढत जाते तेव्हा त्याच वस्तीत अग्यारी आणि सिनेगॉग गप्प उभे असतात. दोन लहान समाज, दोघेही आपापसांत लग्नं करणारे, दोघांच्याही नावाशी स्तनाचा कॅन्सर जोडलेला. सरळ निष्कर्ष काढायचा मोह होतो, की हे ‘त्यांच्या रक्तात’ आहे.

पण पारशी स्त्रियांच्या आकड्याला साधं स्पष्टीकरणही होतं. त्यांची लग्नं उशिरा होत, मुलं कमी आणि उशिरा होत, आणि या दोन्ही गोष्टींनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ते कुठल्याही समाजात लागू आहे. आज मुंबई-ठाण्यातल्या माझ्या वयाच्या सगळ्याच मुली तशा जगतात. समाजाचा रकाना भरला म्हणजे जनुक सापडलं असं होत नाही. स्तनाचे बहुतेक कॅन्सर एका जनुकातून वारशाने येत नाहीतच. साधारण दहातला एक, फार तर, तसा असतो. तो एक कसा ओळखायचा, हा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दिलं. तोवर बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, इतका गुंतागुंतीचा आजार एका जनुकावर चालेलच कसा. किंग यांनी २३ विस्तारित कुटुंबं घेतली आणि ज्यांना तरुण वयात कॅन्सर झाला अशी घरं वेगळी काढली. गुणसूत्र १७ वरचा एक तुकडा आजारासोबत पिढी ओलांडताना दिसला. जनुक अजून सापडलेलं नव्हतं, फक्त गल्ली सापडली होती. मग शर्यत लागली आणि १९९४ मध्ये युटातल्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाने घर शोधलं. त्यांच्या मायरियड कंपनीने पेटंट घेतली. परिणाम असा, की अमेरिकेत जवळजवळ वीस वर्षं ही तपासणी एकाच दुकानात मिळायची, शेवटी शेवटी तीन हजार डॉलरच्या वर. १३ जून २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निसर्गात असलेला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही. त्याच्या महिनाभर आधी अँजेलिना जोलीने आपल्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं होतं. भारतात हा विषय व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला तो तिच्यामुळे, न्यायालयामुळे नाही.

आता त्या दोन अक्षरांकडे येतो. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. समजा, मजकूर आहे: कमळ सदन वजन मगर. यातली ‘मळ’ ही दोन अक्षरं गळली आणि वाचणारा मात्र तीन-तीननेच वाचत राहिला, तर मिळतं: कसद नवज नमग र. पुढचं सगळं बिनअर्थी. बीआरसीए-१ चं प्रथिन १,८६३ घटकांचं असतं. आईच्या प्रतीत ते ३९व्या ठिकाणी थांबतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. पण कुठल्या तरी एका पेशीत आयुष्यात कधी तरी ती दुसरीही बिघडली, की डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही. २०१७ साली जवळपास दहा हजार स्त्रियांचा मागोवा घेऊन आलेला अंदाज असा: बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर वयाच्या ८०पर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७२ टक्के, बीजाशयाच्या ४४ टक्के. मुलांपैकी प्रत्येकाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी.

आणि ती अक्षरं गळली का? मूळ मजकुरात त्या जागी ‘एजीएजी’ असं आहे. तीच जोडी लागोपाठ दोनदा. पोथी नकलताना एकच शब्द दोनदा आला, की लेखनिकाची नजर घसरते आणि तो एकदाच लिहितो. तसंच.

इथेच माझी पणजी बुडाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखितं पडताळली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या हस्तलिखितांची चक्क वंशावळ मांडली. अशा कामात एक सावधगिरी असते: दोन पोथ्यांत एकच चूक दिसली म्हणून त्या एकमेकींच्या बहिणी ठरत नाहीत. सोपी चूक दोन लेखनिक स्वतंत्रपणे करू शकतात. नातं ठरवायला आजूबाजूचा मजकूरही जुळावा लागतो. जनुकशास्त्रज्ञ हेच करतात. २०१३ मध्ये ११५ कुटुंबांतल्या १८५डेलएजीच्या आजूबाजूचा डीएनए तपासला गेला. अश्केनाझी ज्यूंमध्ये तो एकाच पूर्वजाकडून, सुमारे ६१ पिढ्यांपूर्वी आलेला दिसला. पण मलेशिया आणि ब्रिटनमधल्या बिगर-ज्यू कुटुंबांत तो निदान दोनदा स्वतंत्रपणे घडलेला होता. त्याआधी २००७ मध्ये एका भारतीय कुटुंबाबद्दलही असाच निष्कर्ष आला होता: चूक तीच, शेजार वेगळा. आणि २००९ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी घराण्यात कॅन्सर असलेल्या दक्षिण भारतातल्या ६१ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यातल्या १० जणांत १८५डेलएजी सापडला.

म्हणजे कुणी ज्यू पणजी लागत नाही. इथल्याच कुठल्या तरी माणसात, कधी तरी, निसर्गाची नजर घसरली असणार. गंमत म्हणजे बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात त्यांचे पूर्वज ज्यूही दिसले आणि इथलेही. कोण ‘कुठलं’, याचं उत्तर तिथेही एका रकान्यात बसलं नाही.

ही सगळी शोधाशोध मी मामीला सांगणार होतो. तिची अडचण ज्यू किंवा पारशी नव्हतीच. मामाची धाकटी २६ची आहे, स्थळं बघणं चालू आहे. कौन्सेलर मॅडमनी आम्हाला नातेवाइकांसाठी एक पत्र दिलं होतं, नाव न घालता: तुमच्या कुटुंबात असा बदल आढळला आहे, तुम्हीही सल्ला घेऊ शकता. आईने ते कपाटात, साड्यांखाली ठेवलं. मी ते काढून मामीला फोन केला. ती म्हणाली, “अरे, तू शिकलेला आहेस, तुला कळत नाही का? एकदा हे बाहेर गेलं की पोरीला कोण करून घेईल?”

तिला जुनाट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ‘चांगलं रक्त’, ‘खराब रक्त’ ही भाषा खेड्यातून आलेली नाही, विज्ञानाच्या नावानेच ती पसरली. गेल्या शतकात सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते ठरवत होते, कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही. आपल्याकडे त्याच शास्त्राच्या आधारे जातिव्यवस्थेचं समर्थन झालं आणि १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते खोडून काढलं. ‘जेनेटिक कौन्सेलिंग’ हा शब्द १९४७ मध्ये अमेरिकेत शेल्डन रीड यांनी काढला, तो या जुन्या भाषेपासून फारकत घेण्यासाठीच. म्हणून आमच्या मॅडम ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं कधी म्हणत नाहीत. मला ते आधी फार चीड आणणारं वाटलं होतं. मी विचारलं, “मॅडम, मी टेस्ट करू का?” त्या म्हणाल्या, “रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही उद्यापासून काय वेगळं कराल?” आणि पाणी पीत बसल्या.

मामीची भीती विम्याबद्दलही होती आणि तीही पोकळ नव्हती. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून ‘जनुकीय आजार’ सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं आणि विमा नियामकाने कंपन्यांना तशा कारणाने दावे न नाकारण्याची सूचना दिली. पण अमेरिकेचा या विषयावर २००८ चा खास कायदा आहे, त्यातही आयुर्विमा येत नाही. मग इथल्या मामीने निर्धास्त राहावं असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

माझी टेस्ट मी केली. दोष आहे. वयाच्या चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी, छातीवर गाठ लागली तर दुर्लक्ष नाही, आणि मुलं होतील तेव्हा पुन्हा तोच कागद. निदान माझ्यासाठी यादी एवढीच आहे. मामाच्या मुलीची यादी वेगळी असेल: तरुण वयातच एमआरआय, पस्तिशी-चाळिशीत बीजाशयं काढायची की नाही. किंवा काहीच नसेल. तिच्याआधी एक सोपी पायरी आहे, जिच्यात तिचं नावसुद्धा येत नाही: मामा. त्याच्याकडे बदल नसेल तर आमच्या बाजूचा हा वारसा तिथेच थांबला.

गेल्या रविवारी मी कल्याणला गेलो. मामी देवळात गेली होती, हे मी बघूनच गेलो होतो. मामाला पत्र दिलं. रिक्षा युनियनची परिपत्रकं वाचतो तसं त्याने ते चष्मा लावून, बोट फिरवत, दोनदा वाचलं. मग माझ्या फोनवर मॅडमनी काढलेल्या कागदाचा फोटो मागितला. त्यावर स्वतःचा चौकोन शोधला. रिकामा होता. वरचा आजीचा, रेघारेघांचा गोल त्याने झूम करून पाहिला आणि तसाच धरून बसला. ती गेली तेव्हा तो बारावीत होता. पाणी काढायला नेताना रिक्षात तिला तोच धरून बसायचा, हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. त्याने आता सांगितलं.

फोन परत देताना म्हणाला, “आजीच्या पोटात ते होतं म्हणजे.”

“नक्की नाही मामा. पण असणार.”

त्याने पत्राची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली.

“रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं का रे?”

“नाही. खाऊन आलास तरी चालतं.”